दुकानाचा कचरा रात्री नऊला तयार होतो

कोथरूडमध्ये माझं पोळी-भाजी केंद्र आहे. इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळे, पुढच्यात काउंटर आणि मागच्यात शेगड्या व तवे. रात्री नऊ-साडेनऊला शटर खाली ओढते, तेव्हा मागच्या दाराशी दोन ड्रम काठोकाठ भरलेले असतात. मटारचे दिवस असले की नुसत्या टरफलांनीच एक भरतो. कोबीची वरची पानं, दुधीची सालं, चहाचा चोथा, तळाला राहिलेली आमटी यांनी दुसरा. हा कचरा उचलला जातो दुसऱ्या दिवशी सकाळी, घरोघरचा कचरा न्यायला ताई हातगाडी घेऊन येतात तेव्हा. मे महिन्यात तोवर ड्रमाचं झाकण उघडवत नाही. वरच्या मजल्यावरचे काका नाकाला रुमाल लावून जिना उतरतात आणि त्यांचं काहीच चुकत नाही.

माझी मागणी सरळ आहे. छोट्या व्यवसायांचा कचरा न्यायला रात्रीची वेगळी फेरी सुरू करा, तिचा वेगळा दर ठरवा, आणि ते पैसे कचरा हाताळणाऱ्या माणसाच्या पदरात पडतील अशी सोय करा.

देशाचे नियम मी वाचले आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ते चार केले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याचा. मोठा कचरा करणारे कोण, हेही त्यात आकड्यांनी ठरवलं आहे. दिवसाला १०० किलो किंवा जास्त कचरा, किंवा २०,००० चौरस मीटर बांधकाम, किंवा रोज ४०,००० लिटर पाण्याचा वापर. अशांनी आपल्या कचऱ्याची जबाबदारी स्वतः घ्यायची. हे योग्यच आहे. पुण्यात मोठ्या हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यासाठी वेगळ्या गाड्या आणि बायोगॅस प्रकल्पही बरीच वर्षं आहेत.

पण आमच्या रस्त्यावर १०० किलोवाला एकही नाही. माझं केंद्र आहे, शेजारी सलून, पुढे शिंपी, कोपऱ्यावर शहाळेवाला, त्याच्या पलीकडे चिकनचं दुकान, फुलवाली, दोन अमृततुल्य. प्रत्येकाचा कचरा घरापेक्षा कितीतरी जास्त आणि हॉटेलपेक्षा कितीतरी कमी. शिवाय जातच वेगळी: केस, चिंध्या, पिसं, शहाळ्यांचा ढीग. हे सगळं घरगुती फेरीच्या बादल्यांत बसवायचं, असं सध्या गृहीत धरलेलं आहे. ते बसत नाही. मग रात्री दहानंतर काळ्या पिशव्या कोपऱ्यावरच्या डीपीच्या आडोशाला जाऊन पडतात. महापालिकेच्या भाषेत त्याला क्रॉनिक स्पॉट म्हणतात. तिथे कुंड्या ठेवून झाल्या, रांगोळी काढून झाली, देवांच्या तसबिरी लावून झाल्या, दंडाचा फलकही लागला. पिशव्या फलकाच्या खाली पडतात, कारण ज्याचा गाळा आठ बाय दहाचा आहे त्याला रात्रभर कोंबडीची आतडी ठेवायला दुसरी जागाच नाही. सकाळी तो दुकान उघडतो त्याच्या आधी हातगाडी पुढे गेलेली असते.

त्या पिशवीचं पुढे काय होतं, ते एकदा जवळून पाहावं. ताई फुटपाथवर ताडपत्री पसरतात आणि पिशवी उलटी करतात. केसांच्या गुंत्यात ब्लेडचे तुकडे, त्यावर चहाचे कागदी पेले, पेल्यांत उरलेला चहा, चहात भिजलेला पुठ्ठा. कोरडा पुठ्ठा भंगारवाला किलोवर घेतो. भिजलेला घेत नाही, घेतला तर भाव पाडतो. म्हणजे कोणी तरी पेला उपडा न करता टाकला की त्यांच्या दिवसाच्या कमाईतून तेवढे पैसे गेले. ब्लेडनं कापलेल्या बोटाला कापडाची चिंधी गुंडाळून त्या पुढच्या सोसायटीत जातात. हातमोजे मिळतात, पण रबरी मोजा घालून दुधाची पिशवी आणि तेलाची पिशवी वेगळी करून बघा. बोटांना काही कळत नाही.

या बायकांच्या कामाला नाव आणि मान मिळवायला या शहरात मोठी लढाई झाली आहे. १९९३ मध्ये बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे त्यांना महापालिकेची ओळखपत्रं मिळाली, आणि त्याच चळवळीतून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं २००८ पासून पालिकेशी करार करून दारोदारची फेरी सुरू केली. कचरावेचक स्वतःच मालक असलेली संस्था शहराचा कचरा उचलते, ही गोष्ट पुण्यानं देशाला दाखवली. २०१६ च्या नियमांतही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असं स्पष्ट लिहिलं गेलं.

म्हणूनच रात्रीची फेरी ठेकेदाराला टनावर देऊन टाकू नये, असं मला तळमळीनं वाटतं. अनेक शहरांत घंटागाडीच्या ठेक्याचा पैसा वजनावर मिळतो. ज्याला टनामागे पैसे मिळतात त्याला ओला-सुका एकत्र झाला तर काय बिघडतं? वजन वाढलं की बिल वाढलं. ज्या बाईची मिळकत कोरड्या, स्वच्छ पुठ्ठ्यावर अवलंबून आहे ती मात्र दारात उभी राहून भांडते, ‘ताई, हे वेगळं द्या’ म्हणून. वर्गीकरण होतं ते अशा माणसामुळे.

आमच्यातले काही दुकानदार म्हणतात, आम्ही व्यापारी दरानं मिळकतकर भरतो, कचऱ्याचे वेगळे पैसे का? मला हा मुद्दा पटत नाही. कर रस्त्याला, दिव्याला, पाण्याला जातो. माझ्या धंद्यातून निघालेला ओला कचरा मीच केला, त्यावर मी नफा कमावला, तर तो उचलण्याचं मोलही माझ्याच हिशेबात यायला हवं. घरटी जे शुल्क आहे ते शंभर रुपयांच्या आत आहे आणि तेही देताना लोक तीनतीनदा उद्या या म्हणतात. दुकानाचं शुल्क कचऱ्याच्या प्रकारावर आणि ड्रमच्या संख्येवर ठरवा. शिंप्याला कमी, मला जास्त, चिकनवाल्याला त्याहून जास्त. दुकानाच्या परवान्याच्या नूतनीकरणाला त्याची पावती जोडायला सांगा, म्हणजे ताईंना पैशांसाठी काउंटरपुढे ताटकळावं लागणार नाही. सलूनवाल्यांना ब्लेडसाठी झाकणाचा डबा सक्तीचा करा. एवढी व्यवस्था लागली की मग एकत्र कचरा देणाऱ्याचा ड्रम उचलू नका आणि कोपऱ्यावर टाकणाऱ्याला दंड करा, अगदी कडक करा. आज दंड करणाऱ्या निरीक्षकाला दुकानदार विचारतो, ‘साहेब, मग टाकू कुठे?’ आणि निरीक्षकाकडे उत्तर नसतं.

हा कचरा शेवटी कोणाच्या तरी उशाशी जातोच. आज वनाजला मेट्रोचा डेपो आहे तिथे पूर्वी शहराचा कचरा पडायचा. जुने कोथरूडकर त्या जागेला अजून कचरा डेपोच म्हणतात. कोथरूड वाढलं, जागांना भाव आला, आणि कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं. गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या, तेव्हा इथे आम्ही वर्तमानपत्रात ‘कचराकोंडी’चे मथळे वाचत होतो. आमच्या गाळ्यांतून मिसळून निघालेली प्रत्येक पिशवी त्या गावांच्या दिशेनं गेली आहे.

पुण्यात जवळपास चार वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर पुन्हा नगरसेवक निवडून आले आहेत. त्यांना विनंती आहे, प्रत्येक प्रभागात दुकानांचा एक रस्ता निवडा आणि रात्री नऊ ते अकरा कचरावेचकांची फेरी लावा. त्यांच्या सुरक्षिततेसाठी दिवे, गाडी, आणि रात्रीच्या कामाचा जास्तीचा मोबदला द्या. सुरुवात आमच्या रस्त्यावरून करायची असेल तर सहा महिन्यांचं शुल्क मी आगाऊ भरते. शेजारच्या दुकानदारांना गोळा करून बैठक लावण्याचं कामही माझ्याकडे.