बिल थकलं तर घर अडवता येत नाही, पण मुदत पाळा

तिगाव : अमेरिकेत पैसे थकले तर ठेकेदार थेट इमारतीवर बोजा चढवतो. आपल्याकडे तशी सोय नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम १७० दुरुस्तीला आलेली मोटार अडवू देतं, बांधलेलं घर नाही.

मग पांढुर्णा-सौंसरच्या ठेकेदारानं करायचं काय? खासगी काम असेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा. मध्य प्रदेश सरकारचं असेल तर १९८३च्या कायद्यानं भोपाळचं मध्यस्थम् अधिकरण. पण आधी करारातल्या अंतिम अधिकाऱ्याकडे जावं लागतं. नरखेड-वरूडकडच्या कामाला हे अधिकरण लागू नाही. तिथं करारातला लवाद, नाहीतर दिवाणी कोर्ट.

‘पुढच्या महिन्यात देतो’ या तोंडी शब्दानं मुदत थांबत नाही. मुदतीतच बाकी लेखी कबूल करून सही घेतली, तर ती नव्यानं सुरू होते. मोजमाप पुस्तकाची नक्कलही जपा.