विश्लेषण : परदेशात अनोळखी व्यक्तीचा फोटो काढल्यास पैसे द्यावेत का?

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कोग्गलाजवळ समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून गळ टाकणारे मच्छीमार अनेक रील्समध्ये दिसतात. त्यांतले बरेच जण आता माशांसाठी नव्हे, तर पर्यटकांसाठी बसतात. फोटो काढला की कुणीतरी पैसे मागायला येते आणि संध्याकाळी ‘आम्हाला लुटले’ अशी पोस्ट पडते. पण ही खरेच लूट आहे का?

पैसे मागणे चूक आहे का?

मोरोक्कोतील माराकेशच्या जामा अल-फना चौकात गारुडी आणि लाल पोशाखातले पाणीवाले फोटोचे पैसे घेतात. पेरूतील कुस्को शहरात पारंपरिक वेशातल्या स्त्रिया अल्पाकाचे पिल्लू घेऊन उभ्या असतात. तिथे सजून उभे राहणे हेच काम आहे, त्यामुळे पैसे ही भीक नसून मेहनताना ठरतो. वाद होतो तो रक्कम आधी न ठरवल्याने. कॅमेरा काढण्यापूर्वी ‘किती?’ विचारावे आणि खिशात सुटे पैसे ठेवावेत.

मग आक्षेप कशाला?

इथिओपियाच्या ओमो खोऱ्यात मुर्सी जमातीच्या स्त्रिया खालच्या ओठात मातीची चकती घालतात. पर्यटक तिथे माणशी, फोटोगणिक पैसे मोजतात. फोटो जास्त निघावेत म्हणून एरवी वापरात नसलेला साजही अंगावर चढवला जातो. उत्पन्न मिळते, पण गप्पा होत नाहीत, फक्त मोजणी होते. या अस्वस्थ करणाऱ्या व्यवहारावर मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड टर्टन यांनी २००४ मध्ये लेख लिहिला होता.

वृत्तछायाचित्रकार पैसे देतात का?

सहसा नाही. अमेरिकेतील वृत्तछायाचित्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता तसे करण्यास मनाई करते, कारण पैशाने प्रसंग बदलतो. पण हा नियम बातमीसाठी आहे. पर्यटकाने त्याआड लपू नये.

लहान मुलांचे काय?

मुलांना पैसे देऊ नयेत, असे बालहक्क संस्था सांगतात. फोटोतून कमाई होऊ लागली की मूल शाळेऐवजी रस्त्यावर राहण्याची भीती असते. फोटो काढायचाच असेल, तर पालकांना विचारावे.

पैसे दिले म्हणजे पोस्ट करता येते का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. पैसे दिले ते त्या व्यक्तीच्या वेळेचे. तिचा चेहरा हजारो लोकांपुढे नेण्याची संमती त्यात आपोआप येत नाही. हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी शरबत गुला हिचा फोटो १९८४ मध्ये पाकिस्तानातील निर्वासित छावणीत काढला गेला. १९८५ मध्ये तो ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर झळकला. जगभर गाजलेला हा फोटो तिने स्वतः पाहिला तो थेट २००२ मध्ये. आज मोबाइलमधला फोटो काही सेकंदांत जगभर जातो. जाहिरातीसाठी फोटो वापरताना लेखी संमती घेण्याची पद्धत आहे. रीलसाठी निदान तोंडी विचारणे अवघड नाही.

आणि नकार मिळाला तर?

तो पैशाने फिरवू नये. जपानमधील क्योटोच्या गिओन भागात पर्यटक गेइशांच्या मागे धावू लागले, तेव्हा २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास १० हजार येन दंडाचे फलक लागले. पुढे २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांसाठी बंदच झाल्या. आधी विचारणे, रक्कम ठरवणे आणि ‘नाही’ ऐकून घेणे, एवढे पाळले तर बहुतेक ठिकाणी फलकांची गरजच पडणार नाही.