डोक्याला कटकट!

खुर्ची करकरते, लिफ्ट पुन्हा बंद पडते, लोनवाला नेमका मीटिंगमध्ये फोन करतो. एकेकटं घेतलं तर यात मोठं काहीच नाही. पण रोज? बॉस, यालाच म्हणतात कटकट!

शब्दच बघा ना. एकदा ‘कट्’ झालं तर नुसता आवाज, लागोपाठ झालं की ताप. डासांची भुणभुण, पावसाची पिरपिर, बाळाची किरकिर... सगळे शब्द डबल! डोकं उठतं ते एका फटक्याने नाही, तेच ते पुन्हा पुन्हा झाल्याने, हे मराठीला पक्कं ठाऊक आहे.

गंमत म्हणजे कटकट नुसती ‘होत’ नाही, कुणीतरी ती ‘करतं’सुद्धा. लोनवाल्यांसाठी १९०९ आहे. डीएनडी नोंदवा, बरीच कमी होते. पण रोज रात्री नऊला ‘जेवलीस का?’ विचारणाऱ्या आईलाही आपण त्याच यादीत टाकतो. गेल्या मे महिन्यात आई चारधामला गेली. चार रात्री रेंज नाही, फोन नाही. सव्वानऊ वाजले तरी मी मोबाइल हातात धरून बसलेली. ‘कटकट मिटली’ असं काही तोंडातून निघेना.