क्षमा कोणास?
६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या कॅपिटॉलमध्ये अध्यक्षपदाच्या मतांची मोजणी चालू असता, पराभूत अध्यक्ष ट्रम्प यांच्या समर्थकांच्या जमावाने आत घुसून ती बंद पाडली. सुमारे १४० पोलीस जखमी झाले. त्याच रात्री काँग्रेस पुन्हा बसली व पहाटे तिने बायडेन यांचा विजय जाहीर केला, हे तिला भूषणावहच होय. पण पुढे? महाभियोगात ट्रम्प यांना दोषी ठरविण्यास सिनेटमध्ये ६७ मते हवी होती, पडली ५७. २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा अध्यक्षपदी येताच त्यांनी त्या दंगलीतील सुमारे १५०० जणांना क्षमा केली. राज्यघटनेने हा अधिकार अध्यक्षांस जवळजवळ निरंकुश दिला आहे. तेव्हा बेकायदा काहीच घडले नाही. आम्हांस भय वाटते ते नेमके याचेच. ज्या पोलिसांनी न्यायालयात साक्षी दिल्या, त्यांनी आता कोणाच्या तोंडाकडे पाहावे?