घोडा अडला, तर आधी स्वार तपासा

काम अडले की 'घोडं कुठं पेंड खातंय' ते आपण शोधतो. खरा घोडा अडला, तर मात्र कारण न शोधता चाबूक उगारतो. माझ्या मते अशा वेळी आधी स्वाराकडे पाहावे.

भीती वाटली की शरीरात अॅड्रिनॅलिन वाढते. नाडी जलद होते, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात. घाबरलेला नवशिका पुढे वाकतो, गुडघे आवळतो, लगाम गच्च खेचून धरतो आणि वर टाचही मारतो. टाच म्हणते 'चल', लगाम म्हणतो 'थांब'. मुक्या जनावराने ऐकायचे कोणाचे? अंगावर माशी बसली तरी घोड्याची कातडी थरथरते. मग स्वाराच्या मांड्यांचा ताण त्याला कसा कळणार नाही?

२००९ साली स्वीडनमधील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घोड्यावर बसलेल्या किंवा घोडा हाताने चालवणाऱ्या माणसांना सांगितले, की या फेरीत समोर अचानक छत्री उघडेल. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही! छत्री फक्त माणसाच्या मनात होती.

अर्थात दोष दर वेळी मनाचाच असतो असे नाही. खोगिराने पाठ सोलवटलेली असेल, खूर किंवा दात दुखत असतील, तर पशुवैद्याला दाखवावे. दुखणाऱ्या घोड्याला मारणे हे क्रौर्यच.

शिकणाऱ्यांनी एवढे करावे. मांड जमवल्यावर तीन-चार सावकाश श्वास घ्यावेत. श्वास सोडताना खांदे, कंबर, गुडघे सैल करावेत. नजर घोड्याच्या मानेवर नको, पुढच्या वाटेवर ठेवावी. लगाम हातात असावा, पण ओढलेला नसावा. मग टाच हलकेच लावावी आणि घोड्याने पाऊल उचलताच दाब काढून घ्यावा. चाल मिळाली, हीच त्याची शाबासकी.

पालकांनाही एक विनंती. माथेरानला गेल्यावर रडणाऱ्या मुलाला फोटोसाठी बळेच घोड्यावर बसवू नका. आधी त्याला घोड्याच्या मानेवरून हात फिरवू द्या. बसायला तयार झाले, तर डोक्यावर हेल्मेट हवेच. धीर चाबकाने येत नाही, घोड्याला नाही आणि पोरालाही नाही.