भाकरी देणाऱ्यांचा गुन्हा

२ जानेवारी १९४३. विठ्ठलवाडीच्याच ठाणे जिल्ह्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडणाऱ्या या भूमिगतांना जगवणाऱ्यांची मात्र इतिहासकार ‘स्थानिकांची साथ लाभली’ एवढ्यावर बोळवण करतात.

ती साथ म्हणजे कायद्याच्या लेखी गुन्हाच होता! भारतीय दंड संहितेच्या कलम २१२ नुसार गुन्हेगाराला आसरा देणारा शिक्षेस पात्र ठरे; आसऱ्यात अन्न, कपडे, पैसा सारेच आले. सवलत फक्त पती-पत्नीला, जन्मदात्या आईलाही नाही. (आजच्या न्याय संहितेचे कलम २४९ वेगळे काय सांगते?) कोतवाल स्वतः वकील, हा धोका त्यांना ठाऊक नसेल थोडाच?

तेव्हा ‘साथ’ लिहून थांबू नये. भाकरी पोहोचवणाऱ्यांची नावे पोलिसी दप्तरांत आणि गावच्या आठवणींत शोधावीत.