उलुरू बंद झाला, हरिश्चंद्रगडाचं काय?

टूनगॅबीत सध्या थंडी आहे आणि घरोघरी डिसेंबरची तिकिटं शोधणं सुरू झालंय. आमचा यंदाचा बेत पक्का आहे, हरिश्चंद्रगड! मुलगी आठ वर्षांची आहे, पाचनईच्या वाटेने चढेल. बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "या, पण सुट्टीच्या दिवशी तिथे जत्राच असते रे. गुहेतसुद्धा कचरा."

मी गप्प बसलो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असताना आम्ही आठ जण खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे गेलो होतो. रात्री गुहेत मुक्काम, चूल, मॅगी. सकाळी रिकामी पाकिटं तिथेच टाकून कोकणकडा बघायला पसार! काही चुकलं असं तेव्हा वाटलंही नाही.

१४२४ मीटर उंचीचा हा गड दोघांचा आहे. ट्रेकरला कोकणकडा हवा, भाविकाला हरिश्चंद्रेश्वर. चांगदेवांनी इथे तप केलं असं मानतात. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात मोठं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि तो कलियुगाचा, असं गावकरी सांगतात.

इथे ऑस्ट्रेलियात उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद झालं. अनांगू लोकांना तो खडक पवित्र आहे. १९८५ मध्ये याच तारखेला ती जमीन त्यांना परत मिळाली होती. इथले काही मित्र म्हणतात, आपल्याकडेही गड असेच बंद करायला हवेत.

मला हे पटत नाही. उलुरू बंद झाला, कारण ज्यांचा तो आहे त्यांनीच "चढू नका" म्हणून वर्षानुवर्षं विनवलं होतं. हरिश्चंद्रगडावर तर चढून जाणं हीच भक्ती! महाशिवरात्रीला लोक चढूनच दर्शनाला जातात. शिवाय पाचनई-खिरेश्वरच्या कितीतरी घरांना ट्रेकर्सच्या जेवणा-मुक्कामाचा आधार आहे. गड बंद केला तर आधी त्यांची चूल विझेल.

पण उलुरूकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. जागा ज्यांची, त्यांना विचारावं, त्यांचं ऐकावं. मुक्काम गुहेत न करता खाली गावात करावा. वाटाड्या गावातला घ्यावा. पुष्करणीत साबण नको, लेण्यांत चूल नको, आणि वर नेलेलं प्रत्येक पाकीट परत खाली यायला हवं. गावाने माणशी काही शुल्क ठेवलं तर कुरकुर न करता द्यावं. ब्लू माउंटन्सला पार्किंगचे डॉलर मुकाट भरणारे आपण पिठलं-भाकरीच्या पैशांवरून घासाघीस करतो, हे शोभत नाही.

आणि "आमच्याकडे तिकडे किती स्वच्छता!" हे भाषण तर अजिबात नको. इथे आपण कचरा टाकत नाही, त्यात दंडाची भीती किती आणि संस्कार किती, हे ज्याचं त्यानेच तपासावं. माझी परीक्षा डिसेंबरात आहे. सामानात दोन रिकाम्या गोण्या घेतल्या आहेत. मुलीने विचारलं, "कशाला?" म्हटलं, "बाबाची जुनी उधारी आहे गं, गडावर."